स्वर्गरथाचा चार्जर

२६ नोव्हेंबर

आज सकाळी समोरच्या पार्वतम्मानं ताटली वाजवली.

आमच्या नव्या गावात रस्ते इतके रुंद आहेत की समोरच्या घराला मारलेली हाक अर्ध्या वाटेत दमते. भूकंपानंतर ज्यांनी गावाचा नकाशा काढला त्यांची समजूत झाली असावी की इथं माणसामागे एक ट्रक आहे. म्हणून अम्मा दारात उभी राहून स्टीलच्या ताटलीवर उलथणं हाणते. एकदा हाणलं तर चहा टाकलाय. सारखं हाणलं तर ये, भांडायचंय.

आज सारखं हाणलं.

"इरू, येळवसला मला रानात जायचंय."

"जा की. भागवत नेईल."

भागवत माझी आणि अम्माची, दोघांची जमीन बटईनं करतो. वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवसला, अख्खा लातूर जिल्हा रानात जेवतो आणि गावात कुत्रंसुद्धा उरत नाही. मी उरतो.

"भागवत नगं. तुझ्या दारात उभी हाय ना, तिच्यात जायचंय."

माझ्या दारात उभा आहे तो स्वर्गरथ. बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षाच्या सांगाड्यावर बांधलेली प्रेतगाडी. आमच्या भागातल्या पुढाऱ्यानं, आप्पासाहेबांनी, दीड वर्षापूर्वी गावाला अर्पण केली. तिच्यावर मृतापेक्षा त्यांचा फोटो मोठा आहे. बंद पडली तेव्हा, मला वायरींतलं कळतं म्हणून, माझ्या दारात आणून सोडली.

"अम्मा, ती मेलेल्या माणसांची गाडी आहे."

"मग मेल्यावर मला काय दिसणार हाय? जित्ती हाय तवर बसून बघते. संक्रांतीच्या आत भाचा पुण्याला न्हेणार. ही येळवस गेली की गेली."

"आणि चालवणार कोण?"

"तू."

रानं उचलून आणता येत नाहीत, म्हणून ती जुन्या गावाला लागूनच राहिली. माणसं तेवढी इकडं आणली. मी जुन्या गावाकडं जात नाही. विशेष काही कारण नाही. तिथं बघण्यासारखं काय आहे? बाभळी. बाभळी इकडंही आहेत.

बॅटरी मेलेली आहे आणि चार्जर जळालेला आहे, असं मी सांगितलं. दोन्ही खरं होतं. सांगताना बरं वाटलं.

"मग कर की नवा," अम्मा म्हणाली. "पंचवीस साल टेलिफोनात काय माशा मारत होतास?"

२८ नोव्हेंबर

चार्जर उघडला. आत पाल. सर्किटच्या दोन टोकांवर आडवी, छोट्या पुलासारखी. पूल कोसळताना चार्जरलाही घेऊन गेला. जोडण्यासारखं काही उरलेलं नाही.

गाडी बनवणाऱ्याचा नंबर अस्तित्वात नाही. मग आप्पासाहेबांना फोन केला.

"अण्णा, लोकार्पण झालं की आमचं," ते म्हणाले. "आता ती लोकांची. लोकांचं लोकांनी बघावं." मग एकदम आवाज खाली आणून, "कुणी गेलं का?"

"अजून नाही."

"गेलं की कळवा. येतो मी."

येतात. आप्पासाहेब कुठलंच मरण चुकवत नाहीत.

ही गाडी बनवताना कुणी कुणाला काही विचारलेलं नाही. आमच्या लिंगायतांत मयताला मांडी घालून बसवतात, बसवूनच नेतात आणि बसवूनच पुरतात. गाडी केली आडव्या माणसाच्या मापाची, वर कमान. पहिल्याच लिंगायत मयताचं डोकं कमानीला लागलं, तेव्हापासून अर्धं गाव हिच्यावर रुसलं आणि उरलेल्या अर्ध्याला सवड झाली नाही. किल्ली फिरवली की भजनाची धून आपोआप सुरू होते आणि बंद करता येत नाही. शिवाय मागच्या बाजूला, मृताच्या उशाशी, एक भलं मोठं लाल बटण आहे. आणीबाणीत दाबायचं, सगळी वीज तुटते. त्या जागी झोपलेल्या माणसावर आणखी कुठली आणीबाणी येणार होती, हे बनवणाऱ्यालाच ठाऊक.

१ डिसेंबर

बॅटरी लिथियमची आहे. सोळा सेल ओळीनं, मिळून एकावन्न व्होल्ट. भरायला अठ्ठावन्नच्या थोडं खाली दाब लागतो. माझं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजच्या अठ्ठेचाळीस व्होल्टवर गेलं. तिथल्या बॅटऱ्या भरायला रेक्टिफायर असायचे, भिंतीतली वीज घेऊन सरळ करून देणारे. त्यांचा दाब पेचकसानं अठ्ठावन्नपर्यंत चढवता येतो. म्हणजे भंगारातला एक चालू रेक्टिफायर, एक मीटर, एक फ्यूज आणि जाड वायर. एवढ्यात चार्जर होतो.

इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. जरा नाराजच झालो.

३ डिसेंबर

नांदेडला जाऊन आलो. एसटीत शेजारची बाई अहमदपूरपासून लोह्यापर्यंत सुनेबद्दल बोलत होती, फोनवर नाही, मला. बऱ्याच दिवसांत कुणी इतकं सलग बोललं नव्हतं. सुनेची बाजू मला जास्त पटली, पण बोललो नाही.

भंगारवाला तोंडात पान धरून.

"क्या होना, अण्णा?"

"टॉवरवाला रेक्टिफायर. चालू."

"चालू रहता तो भंगार में कायकू आता?"

हा प्रश्न मला पाच वर्षांपूर्वी खात्यानं स्वेच्छानिवृत्ती दिली तेव्हा सुचायला हवा होता. तरी तीन रेक्टिफायर लावून बघितले. तिसऱ्याचा पंखा खरखरत फिरला आणि मीटरवर त्रेपन्न आले. तो घेतला.

परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून आयटीआयच्या मागच्या गल्लीतून चक्कर मारली. गाव पडलं त्या रात्री मी तिथल्या एका खोलीत झोपलो होतो, तेव्हा शिकायला होतो. त्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. एक घेतलं.

माझ्या मोबाइलला बसत नाही.

५ डिसेंबर

व्हरांड्यात मांडामांड केली. घरात नको. लिथियम चिडलं तर पाण्यानं ऐकत नाही, म्हणून शेजारी वाळूची बादली.

बॅटरीच्या टोकांना मीटर लावला, जवळजवळ शून्य. मेली असं वाटतं, पण मेलेली नसते. सेल फार उतरले की आतलं संरक्षक सर्किट दार लावून घेतं. आता काही द्यायचं नाही, काही घ्यायचं नाही. पेटी उघडून सोळाही सेल एकेक मोजले. सगळे धोक्याच्या रेषेच्या वर होते. रेषेखाली गेलेला सेल भरायला जाऊ नये, तो पुढंमागं पेट घेतो.

इथं मी एक चूक करता करता राहिलो. सवयीनं रेक्टिफायर चोपन्नवर लावला आणि तसाच सोडून चहा प्यायला निघालो होतो. एक्स्चेंजमधल्या शिशाच्या बॅटऱ्यांना तसंच ठेवायचं. कायम जोडलेल्या, कायम भरलेल्या, थेंब थेंब वीज पीत बसलेल्या. वर्षानुवर्षं कुठं जायचं नाही, काही करायचं नाही, वीज गेली तर तेवढं उठायचं. लिथियमला हे मानवत नाही. आधी ठरावीक करंट द्यायचा आणि दाब चढू द्यायचा. भरत आली की दाब धरून ठेवायचा, मग तिची भूक आपोआप कमी होत जाते. भूक संपली की वायर काढायची. आणि पुढं वापरायची नसेल तर अर्ध्यावर ठेवायची, मधूनमधून फिरवून आणायची. भरून ठेवून दिली तर ती आतल्या आत म्हातारी होते.

नखरेल आहे. मला शिशाच्या बॅटऱ्या आवडायच्या.

७ डिसेंबर

जागी झाली.

सत्तावन्नवर दाब, करंट अगदी थोडा. आधी काहीच नाही. मग आत कुठंतरी टक् झालं आणि मीटरचा काटा हलला. मी मोठ्यानं "हॅलो" म्हणालो. खात्याची सवय.

दिवसभर शेजारी बसून हात लावून बघत होतो. कुठं गरम नाही. संध्याकाळपर्यंत निम्म्यावर आली. वायर काढली.

समोरून अम्मानं विचारलं, "झाला का?"

"होत आलाय," म्हणालो.

९ डिसेंबर

चार्जर असा उघडा ठेवणं बरं नाही. पत्र्याचा डबा हवा. डब्याला हवेची भोकं हवीत. भोकांना जाळी हवी, नाहीतर पुन्हा पाल.

१० डिसेंबर

डब्याला रंग दिला. राखाडी. वाळला की अक्षरं काढावी लागतील, कुठली वायर कुठं ते. सुरक्षेच्या कामात घाई करू नये.

अम्मा काठी टेकत रस्ता ओलांडून बघायला आली. तिचा खुबा धड नाही, त्यामुळे आमचा रस्ता ओलांडणं म्हणजे तालुका ओलांडणं. डब्याकडं बघून म्हणाली, "इरू, तू चार्जर करायलास का देव्हारा?"

"वायरी उघड्या ठेवू का?"

"येळवस झाल्यावर झाकायचं ठरवलंय जणू."

हिच्या तोंडाला कुणी लागू नये. गावात माझ्या तोंडालाही कुणी लागत नाही, पण त्याचं कारण वेगळं आहे. मी कुणाकडं जात नाही.

१२ डिसेंबर

भागवत प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला. अम्मानंच धाडला होता. स्ट्रेचर काढून त्या जागी खुर्ची चार बोल्टनी आवळली. गाडीचा तळ खाली आहे, पाय फार उचलावा लागत नाही. मग अम्माला आणून बसवली. डोकं कमानीपासून वीतभर खाली राहिलं.

"बघ, बसतंय," ती म्हणाली. "मेल्यावर माणूस आखडतं, तवा तर अजून बसंल."

भागवत हसायला लागला. "आजी, आता उतरा. लोक बघून राहिले."

"बघू दे. त्येंचं बी माप घ्या म्हणावं."

जाताना भागवत मला बाजूला घेऊन म्हणाला, "अण्णा, आजीला मी दरसाल कारमधी न्हेतो. पुढच्या सीटवर, उशी टाकून. औंदा नगं म्हणून बसली. कामून ते कळंना."

"म्हातारपणाचे हट्ट."

"तुम्ही बी या ना मग औंदा? तुमच्या रानात दरसाल तुमच्या नावाची कोप घालतो मी, कडब्याची खोपटी. एक पान वाढून ठिवतो."

"कोण खातं ते?"

"कुत्रं."

चला, कुणी तरी जातं माझ्या वतीनं.

१५ डिसेंबर

आज सगळे सेल पुन्हा मोजले. अकराव्या सेलचा दाब इतरांपेक्षा थोडा वेगळा आहे. फार नाही, पण आहे. सोळांतला एक फटकून असला की तो आधी भरतो किंवा आधी उतरतो आणि सगळ्यांना थांबवतो. अशा बॅटरीवर म्हाताऱ्या माणसाला बसवून कच्च्या रस्त्यानं नेणं बेजबाबदारपणाचं ठरेल. वाटेत बंद पडली तर?

अम्माला जाऊन नीट समजावून सांगितलं. धोका, सेल, दाब, सगळं. मला वाटलं भांडेल. मी उत्तरं तयार ठेवली होती.

"बरं," म्हणाली.

१६ डिसेंबर

ताटली वाजली नाही.

१७ डिसेंबर

नाही.

बाहेर दोनदा जाऊन बघितलं. अम्माचं दार उघडं होतं, चुलीचा धूर होता. म्हणजे ठीक आहे. रस्त्यावरून एक शेळी गेली. तिला रस्ता ओलांडायला मी तिच्याकडं बघत राहिलो तितका वेळ लागला.

चहा दोन वेळा स्वतःच केला. माझा चहा इतका वाईट असतो हे मला कुणी कधी सांगितलेलं नाही. लग्न जमलं असतं तर सांगितलं असतं. जमलं नाही, कारण जमवायला बसणारी माणसं एकाच रात्रीत उठून गेली आणि स्वतःचं लग्न स्वतः बोलायला जाणं मला अवघड वाटलं. मग ते राहूनच गेलं.

१८ डिसेंबर

शेवटी मीच रस्ता ओलांडला.

अम्मा येळवसच्या भज्जीची, मिसळ भाजीची, तयारी करत होती. तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे ओले दाणे परातीत, पालेभाज्यांचा ढीग. आंबिलीचं मडकं कोपऱ्यात. एका म्हातारीला आठवडाभर पुरेल एवढं.

"एवढं कुणाला?"

"जेवणाऱ्याला." मान वर केली नाही. "उद्या घरीच खाते. तुला यायचं तर ये. भिताडाकडं तोंड करून दोघं बी खाऊ. तुला सवय हाय, मला बी लागंल. पुण्याला भिताडंच हायत."

मी परत आलो आणि चार्जर जोडला.

सत्तावन्नाच्या वर थोडा चढवला आणि तिथंच धरून ठेवला. संरक्षक सर्किट अशा वेळी पुढं गेलेल्या सेलची वीज हळूहळू जिरवतं आणि मागच्यांना गाठू देतं. दुपारभरात अकरावा सेल इतरांच्या रांगेत आला. असा फरक बहुतेक वेळा मिटतो. संध्याकाळी बॅटरीची भूक संपली, काटा शून्याला टेकला. वायर काढली.

मग दारात उभं राहून माझ्या ताटलीवर चमचा हाणला. एकदाच. आवाज बारीक आला. माझी ताटली ॲल्युमिनियमची आहे.

समोरून ओरडली, "ऐकलं!"

१९ डिसेंबर, येळवस

लिहायला बसलो आहे, पण क्रम लागत नाही. क्रमानंच लिहितो.

सकाळी अम्माला इरकली लुगड्यासकट आणि घोंगडीसकट खुर्चीत बसवली. मांडीवर डबे, पायाशी आंबिलीचं मडकं, हातात काठी. किल्ली फिरवली आणि धून सुरू झाली. मी वायर तोडतो म्हणालो. "राहू दे," अम्मा म्हणाली, "बरं वाटतंय."

रस्त्यानं सगळं गाव चाललेलं, डोक्यावर टोपल्या, पोरंबाळं. मागून स्वर्गरथ. लोक बाजूला झाले. पुरुषांनी टोप्या काढल्या, बायांनी पदर सारखे केले, सगळ्यांनी हात जोडले. अम्मानं आतून उलट हात जोडले.

एक बाई किंचाळली.

"कोण गेलं गं?" दुसरीनं लांबून विचारलं.

"मी!" अम्मा ओरडली. "जेवून येते!"

सणाच्या दिवशी प्रेतगाडी बाहेर काढली म्हणून दोघाचौघांनी मला शिव्या घातल्या. त्या रास्त होत्या. एवढ्यात खिशातला फोन वाजला. आप्पासाहेब.

"अण्णा, रथ निघाला म्हणे. कोण गेलं? येऊ का?"

"पार्वतम्मा. पण त्या नको म्हणतायत."

पलीकडून फोन ठेवला गेला.

गाडी उत्तम चालली. चढावर मीटर बघितला, दाब जागचा हलला नाही. मी मनात चार्जरची पाठ थोपटत होतो, त्या नादात वळण कधी आलं ते कळलं नाही. रानाचा रस्ता जुन्या गावाच्या कडेनं जातो. न बघता निघून जायचं असं ठरवलं होतं. आडाजवळ आलो आणि गाडी मेली.

धून तुटली. मोटर गप्प. एकदम इतकं शांत झालं की वाऱ्यानं गवत हललेलं ऐकू आलं.

मी उतरलो. बॅटरी बघितली, दाब पूर्ण. फ्यूज बघितला, शाबूत. जोड एकेक हलवून बघितले. मोटरच्या कंट्रोलरपाशी मात्र काहीच पोचत नव्हतं. वीज आहे आणि पोचत नाही, याच्याइतका त्रासदायक दोष दुसरा नाही.

"किती येळ लागंल?" अम्मा.

"सांगता येत नाही."

"मग मला उतरव. बसून बसून आखडले."

हात दिला. उतरल्यावर तिनं हात सोडला नाही. काठीनं गवत बाजूला सारत चालायला लागली, मलाही चालावं लागलं. दगडांचे ढीग, त्यांच्यातून वाढलेल्या बाभळी. मला एक जागा ओळखू येत नव्हती. तिला सगळ्या येत होत्या. हे अमक्याचं, हे तमक्याचं, हितं गिरणी. मग थांबली.

"हे माझं. आन् हे तुमचं."

दोन घरांमध्ये एकच भिंत होती. मी विसरलो होतो.

"हितं तुझी आई भांडी घासायची. हिकडं मी. नीलम्मा म्हणायची, पारू, मीठ दे. मी हात वर करायची, ती घ्यायची. ताटली कुणी वाजवली होती तवा?"

मी म्हणालो, ऊन वाढतंय, गाडी बघायला हवी.

"बघशील. आधी दगडं आण. मोठी नगं. बसल्यावानी दिसतील अशी."

येळवसला रानात कोपीत पाच दगड मांडून पुजतात, पांडव म्हणून. मी पाच आणले. "अजून," ती म्हणाली. तिचा नवरा, दोन लेकरं, सासू. माझे आईवडील आणि रेणुका, माझी बहीण. रेणुकासाठी अम्मानं मी आणलेला दगड परत केला. "लई मोठा. नववीत होती ती."

सगळे ओळीनं मांडले, पाठीमागं पडकी भिंत. समोर एकेक पळसाचं पान. त्यावर भज्जी, बाजरीचा उंडा.

"त्या टायमाला कुणाला बसवून न्हेता आलं न्हाई," अम्मा म्हणाली. "आडवंच, समद्यांना एकदम. आज बसू दे पंगतीत."

मग आंबील पळीनं भोवतीनं शिंपडायला मला लावलं. शिंपडताना द्यायची आरोळी तिनं दिली, मला शब्द आठवत नव्हते. दुसऱ्या फेरीला आठवले.

आम्ही पंगतीच्या टोकाला बसून जेवलो. भज्जी चांगली होती. आंबील फारच आंबट झाली होती. डोळ्यांतून पाणी येण्याइतकी आंबट. अम्माला तसं सांगितलं. तिनं चाखून बघितली आणि म्हणाली, "हां, झालीय खरी."

उन्हं उतरायला लागली तेव्हा भागवत शोधत आला. रानात वाट बघून बघून थकला होता. दगडांच्या ओळीकडं बघून त्यानं चप्पल काढली. मी त्याला दोष समजावून सांगत होतो, कंट्रोलर, जोड, सगळं. तो गाडीच्या मागं जाऊन उभा राहिला.

"अण्णा, हे लाल बटण कुणी दाबलंय?"

दाबलेलं होतं. खुर्चीच्या बरोबर उजव्या हाताशी.

"मला काय ठावं बाबा," अम्मा म्हणाली. "मी तर मयत."

रस्ता फार वाईट आहे. दणक्यानं दाबलं गेलं असणार. ग्रामपंचायतीला कळवलं पाहिजे.

२० डिसेंबर

भागवत म्हणतो, तसलं बटण दणक्यानं दाबलं जात नाही. तळव्यानं जोर लावून दाबावं लागतं आणि सोडवायला पिळावं लागतं. मी दाबून बघितलं. कडक आहे खरं.

पण भागवतला इलेक्ट्रिकमधलं काय कळतं?

१२ जानेवारी

संगमेश्वर, अम्माचा भाचा, सकाळी गाडी घेऊन आला. भला माणूस आहे. पुण्यात आठव्या मजल्यावर राहतो. सामान फार नव्हतं. ताटली आणि उलथणं तिनं स्वतःच्या पिशवीत ठेवलं.

"मावशी, हे कशाला? आपल्याकडं सगळं आहे," तो म्हणाला.

"तुमच्याकडं समोरचं दार किती लांब हाय?"

"चार पावलांवर. पण ओळख नाही कुणाशी."

"मग लागंल," अम्मा म्हणाली.

गाडीत बसल्यावर काच खाली करून म्हणाली, "इरू, रथ हालवत जा. तूच म्हणतोस, नुसती ठिवली तर बिघडती."

मी म्हणालो, ती तांत्रिक बाब आहे, माझ्या लक्षात आहे.

गाडी वळेपर्यंत उभा होतो. आमच्या रुंद रस्त्यावरून जाणारं माणूस फार वेळ दिसत राहतं. नकाशा काढणाऱ्यांनी हाही विचार करायला हवा होता.

१६ जानेवारी

सकाळी ताटलीचा आवाज आला म्हणून बाहेर गेलो. तिसऱ्या ओळीत कुणीतरी पत्रा ठोकत होतं.

२५ जानेवारी

बॅटरी अर्ध्याच्या वर होती. लिथियमची बॅटरी अधूनमधून फिरवून आणावी लागते, हे मी मागं लिहिलंच आहे. किती लांब फिरवावी याचा हिशेब केला. जुन्या गावाच्या आडापर्यंत जाऊन परत येणं बरोबर बसतं. दुसरीकडंही जाता आलं असतं, पण तिकडं चढ आहेत.

धुनेची वायर अजून तोडलेली नाही. खुर्ची काढायचीही राहून गेली. वाटेत दोन बायांनी हात जोडले, आत बघितलं आणि गोंधळल्या. मीच त्यांना नमस्कार केला.

आडाजवळ गाडी थांबवली. पंगतीतली पानं वाऱ्यानं नेली होती. दगड जागेवर होते, रेणुकाचा कलंडला होता, तो उठवून बसवला.

परत येऊन गाडीच्या मागं गेलो आणि लाल बटण तपासलं. वर होतं. वीज पोचत होती, मीटर नीट होता, निघायला काही हरकत नव्हती.

खुर्चीत जाऊन बसलो. डोकं कमानीला लागतं, जरा वाकावं लागतं. तसाच बराच वेळ बसून होतो.